दोन धामणी आणि एक धनुष्य

मराठीत धामण दोन आहेत. एक उंदरांच्या मागावर बांधाबांधानं फिरणारी, सहा-सात फुटांची, बिनविषारी. दुसरी जागची न हलणारी, म्हणजे धामणीचं झाड. आपल्या फालशाचं हे नातेवाईक. संस्कृतात त्याला धन्वन किंवा धनुर्वृक्ष म्हणतात, म्हणजे नावातच धनुष्य आलं. कुऱ्हाडीचे दांडे, बैलगाडीच्या दांड्या यांसाठी जुने सुतार हे लाकूड शोधत यायचे, कारण ते धक्का खातं, वाकतं आणि पुन्हा सरळ होतं. आता पहिल्या धामणीचं कातडं दुसऱ्या धामणीच्या लाकडावर चिकटवलं तर काय होईल? दिसायला सुंदर दिसेल, आणि चिकटवणारा तुरुंगात जाईल. या दोन गोष्टींच्या मधे बरंच काही आहे, ते सांगायला बसलोय.

जुळे सोलापुरातल्या आमच्या गच्चीवर गेल्या वर्षभरात दोन धनुष्यं झाली. एक मोडलं, एक चालतंय. बघायला येणाऱ्यांचा प्रश्न ठरलेला: "ते सापाचं कातडं लावतात ना, त्यानं ताकद येते का?" अमेरिकेतल्या हौशी कारागिरांची, पाठीवर रॅटलस्नेकची नक्षी मिरवणारी धनुष्यं सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलेली असतात. ताकद येत नाही. ताकद कुठून येते ते कळलं की कातड्याचं कोडं आपोआप सुटतं, म्हणून आधी लाकडाकडे जाऊ.

धनुष्याला पाठ असते आणि पोट असतं. हातात धरल्यावर नेमाकडे असते ती पाठ आणि आपल्याकडे असतं ते पोट. पाहुण्यांना पाठ दाखवायची नाही हा नियम धनुष्य पाळत नाही. दोरी ओढली की पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. शेवग्याची ताजी शेंग हळूहळू वाकवून बघा. बाहेरच्या बाजूच्या शिरा तटतटतात, आतल्या बाजूला बारीक सुरकुत्या पडतात. थोडं आणखी वाकवलं की शेंग मोडते, आणि मोडायला सुरुवात बाहेरून होते. धनुष्याचंही तसंच.

यात एक विसंगती आहे. बहुतेक लाकडं दाबापेक्षा ताण जास्त सोसतात, साधारण दुप्पट. मग पोट आधी गेलं पाहिजे. जातंही कधीकधी, पोटावर आडव्या केसाएवढ्या रेषा उमटतात, तिथले तंतू दबून चुरडलेले असतात. तरी धडाक्यानं मोडणारं धनुष्य बहुतेकदा पाठीकडूनच मोडतं. कारण असं की लाकूड म्हणजे एकसंध लोखंड नाही, ते शेजारी शेजारी लावलेले लांब तंतू आहेत. सोलापूरकराला हे सांगायला उपमा शोधावी लागत नाही. मागावरचा ताणा आठवा. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला धागा भार घेतो, मधेच तुटलेला घेत नाही. फरक इतकाच की मागावर धागा तुटला तर माग थांबवून गाठ मारता येते. लाकडात गाठ मारता येत नाही.

म्हणून धनुष्याच्या पाठीचा नियम एकच: तिथला तंतू मधे कुठेही कापला जाता कामा नये. ज्या झाडांत वर्षाची वर्तुळं स्पष्ट दिसतात, त्यांत कारागीर पाठीवर एकच वर्तुळ टोकापासून टोकापर्यंत शाबूत ठेवतो. वरचं वर्तुळ कागदाच्या थरासारखं सोलत जातो आणि खालच्याला सुरीचा ओरखडाही लागू देत नाही. गाठ आली तर तिला वळसा घालून तिथे थोडा उंचवटा सोडतो, सपाट करायच्या मोहात पडत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच लाकडांत वर्तुळं पुसट असतात. तेव्हा बाजूनं दिसणाऱ्या रेषा बघायच्या. त्या धनुष्याच्या लांबीबरोबर धावत असतील तर ठीक. तिरक्या धावत पाठीवर बाहेर पडत असतील तर ते लाकूड चुलीला चांगलं.

हे ज्ञान मला उशिरा झालं. पहिलं धनुष्य बाभळीचं होतं. बाभूळ चिवट, औताला चालते, मग धनुष्याला का नाही, असा माझा हिशोब. वखारीतून यंत्रावर कापलेली फळी आणली. रेषा तिरक्या होत्या, सहा फुटांत सात-आठ ठिकाणी पाठीवर बाहेर येत होत्या. मला त्या दिसत होत्या, हेच वाईट. 'एवढ्यानं काय होतंय' म्हणत तासत राहिलो. एप्रिलातल्या एका दुपारी दोरी चोवीस इंचांपर्यंत आली आणि सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. वरचा तुकडा शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांत जाऊन पडला. त्या कुरडयांची भरपाई अजून पुरी झालेली नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका म्हाताऱ्या मिस्त्रींचं दुकान आहे. तुकडा घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी मोडलेल्या जागेवरून नख फिरवलं. नख जिथे अडकलं तिथूनच सल उचकटलेला होता. "वखारीचं लाकूड यंत्र सांगंल तसं कापतंय," ते म्हणाले, "फाडलेलं लाकूड सोताच्या मनानं फाटतंय. धनुष्याला मनानं फाटलेलं पायजे."

सगळ्या विषयातलं अर्धं शहाणपण या दोन वाक्यांत आहे. पाचर मारून फाडलं की चीर तंतूंच्या मधून जाते, त्यांना छेदत नाही. लाकूड मुळातून पिळलेलं असेल तर फाडलेला तुकडाही पिळलेलाच निघतो, आणि तेव्हाच कळतं की हा सोडून द्यावा. दुसऱ्या वेळी बार्शीकडच्या मामांच्या गोठ्यातून जुन्या बैलगाडीची धामणीची दांडी मिळाली. वर्षानुवर्षं वाळलेली. ओलं लाकूड असतं तर त्याच्या टोकांना रंग किंवा मेण लावून सावलीत पडू द्यावं लागलं असतं. टोकं आधी वाळतात, आकसतात आणि तडकतात, ते रोखायला हा लेप. ती वाट बघणं वाचलं. चार पाचरी, एक घण आणि दोन तास. त्यातून साडेपाच फुटांची एक सरळ चीप निघाली आणि मामांच्या चेहऱ्यावर गाडी गेल्याचं दुःखही निघालं.

लांबी किती हवी? दोरी अठ्ठावीस इंच मागे ओढायची असेल तर एकसंध लाकडाचं धनुष्य साधारण ६६ ते ६८ इंच ठेवतात. आखूड धनुष्यात तेवढाच वाक थोड्या लाकडाला सोसावा लागतो. माझं ६६ इंची आहे. मुठीजवळ जाड आणि अरुंद, तिथून पुढे दोन्ही हात, म्हणजे मुठीच्या वरचा आणि खालचा वाकणारा भाग, पावणेदोन इंच रुंद, आणि टोकाकडे निमुळते होत अर्ध्या इंचावर. टोकं हलकी का, तर बाण सुटताना सगळ्यात जास्त पळतात ती टोकं. तिथलं वजन हलवण्यात गेलेला जोर बाणाला मिळत नाही.

आता जाडी. इथे जरा थांबायला हवं, कारण नवखा माणूस फसतो तो इथेच. शाळेची प्लास्टिकची पट्टी घ्या. आडवी धरून वाकवा, सहज वाकते. तीच उभ्या कडेवर धरून वाकवायला जा, बोटं दुखतील पण ती हलणार नाही. पट्टी तीच, प्लास्टिक तेवढंच. रुंदी दुप्पट केली तर ताठपणा दुप्पट होतो, पण जाडी दुप्पट केली तर आठपट, कारण जाडीचा घन मोजला जातो. पंचवीस मिलिमीटर रुंद आणि अडीच मिलिमीटर जाड पट्टी उभी धरली तर आडवीच्या शंभरपट ताठ असते. हेच उलट बाजूनं: धनुष्याच्या हाताची जाडी फक्त दहा टक्के कमी केली तर ताठपणा सत्तावीस टक्के जातो. अर्ध्या इंचात दहा टक्के म्हणजे सव्वा मिलिमीटर, नखाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट. रंध्याचे चार हात जादा फिरले की पस्तीस पौंडांचं धनुष्य, म्हणजे पूर्ण ओढायला तेवढा जोर लागणारं, पंचवीसचं होतं. उतरलेलं लाकूड परत चिकटत नाही.

म्हणून शेवटचं काम रंध्यानं करत नाहीत. कानस, मग तुटलेल्या काचेची धार. आपले सुतार पॉलिशच्या आधी काचेच्या तुकड्यानं लाकूड खरवडायचे, तीच युक्ती. भुगा पिठासारखा पडतो आणि हात चुकला तरी नुकसान केसाएवढंच होतं.

खरवडायचं कुठे? धनुष्य करणं म्हणजे मुळात हेच ठरवणं. इंग्रजीत या कामाला टिलरिंग म्हणतात, मी वाक बसवणं म्हणतो. भिंतीवर एक उभी फळी ठोकली, वर मुठीसाठी खाच केली, खाली कप्पी बसवली. धनुष्य खाचेत ठेवायचं, सैल दोरी बांधायची आणि कप्पीतून दोर घेऊन आपण दहा फुटांवर उभं राहून ओढायचं. लांब उभं राहण्याची दोन कारणं: वाक नीट दिसतो, आणि मोडलं तर डोळा वाचतो. मधे सामान तोलायचा लटकता काटा अडकवला की किती जोर लागतोय तेही कळतं.

पहिल्यांदा ओढलं तेव्हा डावा हात काठीसारखा ताठ आणि उजवा मधेच एका जागी दुमडल्यासारखा. अशा जागेला मी बिजागरी म्हणतो. मनाची पहिली ओढ त्या बिजागरीवर काहीतरी करायची असते. तिला हात लावायचा नाही. जिथे जास्त वाकतंय ते सोडून बाकी सगळीकडून खरवडायचं, म्हणजे बाकीचं लाकूड तिच्या पातळीला येतं. ताठ जागेवर पेन्सिलीनं रेघोट्या मारायच्या, रेघोट्या पुसल्या जाईपर्यंत खरवडायचं, मग वीस-तीस वेळा थोडं थोडं ओढायचं आणि पुन्हा बघायचं. मधली ओढाओढ गाळून चालत नाही. लाकूड नवा वाक लगेच दाखवत नाही. न ओढता खरवडत राहिलं तर सगळा बदल नंतर एकदम उघडा पडतो आणि तोवर उशीर झालेला असतो. आणखी एक पथ्य: शेवटी पस्तीस पौंडांचं धनुष्य हवं असेल तर आधी कधीही त्याहून जास्त जोर लावायचा नाही. इंचाइंचानं पुढे जायचं. तिसऱ्या दिवशी मिस्त्री वर आले, पाच मिनिटं बघत उभे राहिले आणि म्हणाले, "मालक, लाकूड तासूलालाव का त्याची समजूत काढूलालाव?"

खालचा हात वरच्यापेक्षा किंचित ताठ ठेवला, कारण धरणारा पंजा मध्यावर असला तरी बाण त्याच्या वरून जातो. दोरी काढल्यावर धनुष्यात थोडा वाक कायमचा राहतो. एक-दीड इंच चालतो. जास्त राहिला तर पोटाचे तंतू थकले म्हणायचं.

हवेचं थोडक्यात सांगतो. लाकूड हवेशी सतत पाण्याची देवाणघेवाण करतं. हवेतली आर्द्रता तीस टक्क्यांवर आली की लाकडात जेमतेम सहा टक्के पाणी उरतं, ऐंशीवर गेली की सोळा. धनुष्याला आठ ते बारा मानवतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळिसावर गेला की ते ठिसूळ होतं आणि पावसाळ्यात, दारं चौकटीत अडकतात त्या दिवसांत, मऊ होऊन वाकून बसतं. मे महिन्याच्या दुपारी माझं धनुष्य मी कुणालाही ओढायला देत नाही, पाहुण्यांना तर नाहीच. आणि कुठल्याही महिन्यात बाण न लावता ओढलेली दोरी सोडायची नाही. बाणात जायचा जोर मग लाकडातच जिरतो.

आता कातडं.

पाठ हा नाजूक मामला असल्यानं माणसांनी तिला मदत द्यायचे नाना उपाय केले. भिल्लांच्या तीरकामठ्यात बांबूची चकचकीत बाहेरची बाजू असते, ती मुळातच ताण घ्यायला बनलेली. दोरीही बांबूच्याच चिवट पट्टीची करतात. मुघल आणि मराठा काळातली उत्तम कमान तीन थरांची होती: मधे लाकूड, पोटाला म्हशीचं शिंग, पाठीला जनावराच्या कंडरांचे, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोऱ्यांचे तंतू, आणि हे सगळं सरसानं जोडलेलं. शिंग दाब सोसतं, कंडरा ताण सोसते, दोघं आपापल्या जागी. उत्तर अमेरिकेतल्या कितीतरी आदिवासी जमातीही लाकडाच्या पाठीवर अशाच कंडरा सरसानं चिकटवत.

या बांधणीचा शत्रू एकच, पाणी. सरस जनावरांची कातडी-हाडं उकळून करतात, तो पाण्यात विरघळतो. कंडराही भिजली की सैल पडते. त्यामुळे वर काहीतरी झाकण लागायचंच. आपल्याकडच्या कमानींवर रंग आणि लाखेचा लेप चढायचा, वर सोनेरी वेलबुट्टी. अमेरिकेत हाताशी साप होता. लांब, अरुंद, पातळ, अंगाला घट्ट बसणारं कातडं. जणू धनुष्याच्या मापानंच बेतलेलं. म्हणजे सापाचं कातडं धनुष्याचा रेनकोट होता. आज हौशी कारागीर ते नुसत्या लाकडावर, न विरघळणाऱ्या गोंदानं लावतात, तेव्हा रेनकोटाचं काम वार्निश करतं आणि कातडं नक्षीपुरतं उरतं. पाठीचा तंतू कापलेला असेल तर वर अजगर गुंडाळला तरी ते मोडणारच.

तिकडे ते लावतात कसं, तेही बघण्यासारखं आहे. साप पोटाकडून उभा चिरून कातडं वाळवलेलं असतं, म्हणजे नक्षीची रांग बरोबर मधोमध येते. सापाची पाठ धनुष्याच्या पाठीवर. एका धनुष्याला दोन कातडी लागतात. दोन्हींच्या शेपट्या टोकांकडे, जोड मुठीखाली लपवलेला. लाकडावरचा तेलकटपणा पुसतात, कातडं पाण्यात मऊ करून गोंद लावलेल्या पाठीवर पसरतात आणि मधून कडेकडे बोट फिरवत हवा काढतात. एक-दोन दिवसांनी कडेवर तिरकी कानस मारली की जादा कातडं सुटून पडतं. मग चिकटपट्टी लावून खवले उपटतात. हो, उपटतात. खवल्यांची वरची टोकं मोकळी असतात, ती नंतर उचकटतात आणि वार्निशही घेऊन जातात.

खवले गेले तरी नक्षी का जात नाही? कारण सापाचे रंग मुख्यतः खालच्या जिवंत कातडीत असतात. वर असतो तो केराटिनचा जवळजवळ पारदर्शक थर, आपल्या नखांच्या जातीचा. साप कात टाकतो म्हणजे हाच थर टाकतो. म्हणून बांधावर सापडलेली कात फिकट आणि कागदासारखी असते, साप कितीही रंगीत असो. कात वेगळी, कातडं वेगळं. धनुष्यवाला जे उपटून फेकून देतो तेच साप स्वतःहून टाकत असतो, आणि त्याला हवं असतं ते मेल्याशिवाय मिळत नाही.

आणि आपल्याकडे त्यासाठी कुणालाच मारता येत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर धामण पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, नाग आणि घोणसही तिथेच. अजगर आधीपासून होताच. या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार किंवा त्याच्या कातड्याचा व्यापार केला तर तीन ते सात वर्षं कैद आणि किमान पंचवीस हजार दंड. एकेकाळी तमिळनाडूतले इरुला लोक कातड्यासाठी साप पकडून जगत होते. कायद्यानं ते थांबलं आणि १९७८ साली त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. ते आजही साप पकडतात, पण विष काढून सोडून देतात, आणि त्या विषापासून सर्पदंशावरचं औषध बनतं.

आमच्या घरात कायद्याच्या आधी आई आली. मी नुसतं बोललो होतो. "नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही, आणि तू भिंतीला सापाचं कातडं टांगणार? आपल्या जिल्ह्यातल्या नागोबाच्या शेटफळात लोक घरात आलेल्या नागाला हाकलत नाहीत, माहीत आहे ना?" माहीत होतं. विषय संपला.

तरी धामणीच्या धनुष्यावर धामण हवीच होती. पाठीवर आधी मांजरपाटाची दोन इंची पट्टी चिकटवली. हा निव्वळ शृंगार नाही. कापड फारसा भार घेत नाही, पण सल उचकटायला लागला तर त्याला जागेवर दाबून धरतं. तागाचं किंवा रेशमी असेल तर आणखी बरं. पट्टी कापताना ताण्याचे धागे धनुष्याच्या लांबीबरोबर ठेवायचे, आडवे घेतले तर उपयोग अर्धा. ती वाळल्यावर वर पिवळसर मातकट रंग दिला.

खवल्यांसाठी मात्र चार दिवस डोकं खाजवलं. हातानं काढायला गेलो तर ती मासळी दिसायला लागली. शेवटी स्वयंपाकघरात दाराला टांगलेली कांद्याची लाल जाळीची पिशवी दिसली. सोलापुरात कांद्याच्या पिशवीला काय तोटा! पिशवी उसवली, धनुष्याच्या पाठीवर तिरकी ताणून धरली, की जाळीची भोकं शंकरपाळ्यांसारखी होतात. वरून गडद तपकिरी स्प्रे मारला आणि वाळल्यावर जाळी उचलली. जाळीच्या दोऱ्याखाली पिवळ्या रेघा राहिल्या आणि मधे तपकिरी खवले, एकाला एक लागून. टोकाकडे जाळी जास्त ओढली की खवले बारीक होतात, शेपटीला असतात तसे. धामणीला शेपटीकडे काळे आडवे पट्टे असतात, ते शेवटी ब्रशनं दिले. वर वार्निशचे तीन हात.

मिस्त्री आले, त्यांनी नेहमीप्रमाणे नख फिरवलं. या वेळी ते कुठे अडकलं नाही. "हिला दोरी लावून ठिवू नका," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून ते माजघराच्या भिंतीवर दोन खुंट्यांवर आडवं असतं, दोरी उतरवून. कांद्याची पिशवी आईनं पुन्हा शिवून वापरात घेतली. तपकिरी डाग गेलेले नाहीत.